वाटप झालं, पुढे काय?

(मालवणमध्ये तरुण स्वयंसेवकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘मदतकार्याची देखरेख आणि मूल्यमापन’. नाव ऐकून तहसील कचेरीतलं परिपत्रक आठवावं असंच आहे. म्हणून आधी सोपं करून सांगतो. मदत चालू असताना ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसापर्यंत जातेय का हे बघत राहणं म्हणजे देखरेख. काही महिन्यांनी परत जाऊन त्या घरात त्या मदतीने काय फरक पडला हे विचारणं म्हणजे मूल्यमापन. पहिलं काम आपण अर्धंमुर्धं करतो. दुसरं जवळपास कोणी करत नाही, कारण तोपर्यंत पुढची आपत्ती आलेली असते किंवा आपली सुट्टी संपलेली असते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, मूळ इथला. आमच्या कामात एक प्रकार वरचेवर घडतो. सर्व्हर सांगतो ‘सगळं ठीक’, आमच्या स्क्रीनवर हिरवा दिवा लागलेला असतो, आणि तिकडे ग्राहकाच्या मोबाइलवर कोरं पांढरं पान. सर्व्हर खोटं बोलत नसतो. त्याने पान पाठवलेलं असतं. ते पोचलं का, दिसलं का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. आपले मदतीचे अहवाल मला या हिरव्या दिव्यासारखे वाटतात. इतके किट पाठवले, इतकी गावं झाली, इतक्या ताडपत्र्या दिल्या. सगळं खरं. पण तो हिशेब पाठवणाऱ्याचा.

तौक्तेचंच उदाहरण घेऊ, इथल्या प्रत्येकाला ते आठवतं. १६ मे २०२१, रविवार. ईद नुकतीच, १४ तारखेला झाली होती, तीही लॉकडाऊनमधली. वादळ आपल्या किनाऱ्याला घासत उत्तरेकडे सरकत गेलं आणि जमिनीवर चढलं ते १७ तारखेच्या रात्री, गुजरातेत उनाजवळ. म्हणजे कागदावर ते सिंधुदुर्गात ‘धडकलं’ नाहीच. दिल्लीचं लक्ष गुजरातकडे, मुंबईचं लक्ष समुद्रात बुडालेल्या पी-३०५ बार्जकडे. इथे देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका तुटून भरकटल्या, खलाशांचे जीव गेले. मालवण, वेंगुर्ले, देवगड, तिन्हीकडे कौलं उडाली, पत्रे उडाले, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर मुके होते. मी तेव्हा घरून काम करायला गावी आलेलो होतो. वीज नसल्यावर इंजिनीअर काय करणार, कोयता घेऊन रस्त्यावरच्या फांद्या तोडत होतो.

आता त्या आठवड्यातलं कॅलेंडर बघा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी. ७ जूनच्या मागेपुढे पाऊस. म्हणजे छप्पर उभं करायला हातात जेमतेम तीन आठवडे. जाळं आणि होडी दुरुस्त करायला मुदत जुलैअखेरपर्यंत, कारण ऑगस्टमध्ये समुद्र उघडला आणि जाळं नसलं की तो हंगाम दुसऱ्याच्या होडीवर मजूर म्हणून जायचा. त्यात मे महिना आगोटीचा. बायकांनी पावसाळ्यासाठी सुकवलेली मासळी, रचून ठेवलेलं सरपण, सगळं त्या एका दिवसात भिजलं.

आणि मदत काय आली? मुख्यतः रेशनचे किट. तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती. ज्यांनी पाठवले त्यांच्या नियतीबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. रमजान नुकताच संपला होता, जकात-फितऱ्याची किट बांधायची यंत्रणा प्रत्येक शहरात तयार होती, तीच पुढे चालवली गेली. पण त्याच मे आणि जूनमध्ये केंद्राच्या गरीब कल्याण अन्न योजनेतून रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळत होतं. कार्ड असलेल्या घरात तांदूळ होता, नव्हती ती कौलं. दांडीकडच्या एका काकींनी किट हातात घेऊन एका मुलाला विचारलं होतं, “तांदूळ आसत रे बाबा, पण शिजवतलंय खंय? चुलीर पाणी गळता.” त्या पुढे म्हणाल्या, “आमका काय व्हया, ता कोणी इचारुकच नाय.”

सगळी देखरेख, सगळं मूल्यमापन त्या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतं. तुम्ही त्यावर पीएचडी करा नाहीतर एक्सेल शीट बनवा.

जगातल्या मोठ्या संस्थांनाही हे उशिरा कळलं, आणि फार मोठी किंमत मोजून कळलं. १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला आणि लाखो लोक शेजारच्या झाईरमध्ये, गोमा शहराच्या आसपासच्या छावण्यांत गेले. जगभरातून मदत ओतली गेली. तरी त्या छावण्यांत काही आठवड्यांत कॉलरा आणि हगवणीने हजारोंनी माणसं मेली, आणि कित्येक छावण्यांत धान्यवाटप नरसंहार घडवणाऱ्यांच्याच हाती गेलं. १९९६ मध्ये अनेक देशांनी आणि संस्थांनी मिळून या मदतीचं एकत्र मूल्यमापन केलं. त्यातून उठलेल्या चर्चेत १९९७ मध्ये ‘स्फीअर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यांनी किमान मापं ठरवली. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी. माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. २० माणसांमागे एक संडास. तुम्हाला हे आकडे कोरडे वाटतील. पण ‘टँकर पाठवला’ आणि ‘माणशी १५ लिटर मिळालं’ यात फरक केवढा आहे बघा. पहिलं वाक्य आपल्याबद्दल आहे, दुसरं त्यांच्याबद्दल.

त्सुनामीनंतर २००६ मध्ये असंच एकत्र मूल्यमापन झालं. त्यात मासेमारांच्या वस्तीला लागू पडणारी एक गोष्ट होती: होड्या. होडी देणं देणगीदारांना आवडतं. फोटो छान येतो, होडीवर संस्थेचं नाव रंगवता येतं. त्यामुळे काही ठिकाणी आधी होत्या त्याहून जास्त होड्या वाटल्या गेल्या, कुठे समुद्रात नेता येणार नाहीत इतक्या कच्च्या. आपल्या तमिळनाडूत नागपट्टिणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, जे कोणी उचलले नाहीत. आणि त्याच जिल्ह्यात किनाऱ्यामागच्या दलित वस्त्यांची, इरुला आदिवासींची नावं मदतीच्या याद्यांत येत नव्हती, कारण त्सुनामीचा माणूस म्हणजे होडीवाला असं सगळ्यांनी धरलं होतं. होडीवर मजुरी करणारा, मासे डोक्यावर घेऊन विकणारी, मिठागरात राबणारा, यांचंही काम बुडालं होतं.

हे मालवणला आणून बघा. इथे यादी कशी बनते? सरकारची यादी पंचनाम्यातून. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात, नुकसान लिहून घेतात. आपण पंचनाम्याला शिव्या घालतो, पण या देशातली मदतीची सर्वांत मोठी देखरेख तीच आहे, आणि तिच्यात निदान लिहिलेले नियम आहेत. त्या वेळी केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये होते. पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० आणि जाळ्याला २,६००. हसू नका, खरे आकडे आहेत. राज्याने निसर्ग वादळाच्या वेळी दर वाढवले, घराला दीड लाख केले, आणि तौक्तेतही वाढीव दराने मदत द्यायचं ठरलं. २१ मे रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला येऊन गेले, त्यानंतर सुमारे २५२ कोटींचं पॅकेज जाहीर झालं.

पण नियम लिहिलेला असला तरी मापाचं एकक चुकीचं असेल तर माणूस बाहेर पडतो. २०२० मध्ये निसर्गनंतर रायगड-रत्नागिरीत हेच झालं. बागायतीची वाढीव मदत हेक्टरी ५०,००० रुपये. विदर्भातल्या शेताला हेक्टर समजतं. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते. एका गुंठ्याला साधारण ५०० रुपये आले. घरामागच्या चार गुंठ्यांत आठ माड, चाळीस पोफळी आणि त्याखाली मिरवेल, असं घर २,००० रुपयांत बसवलं गेलं. नवा माड लावला तर नारळ धरायला सहा-आठ वर्षं जातात. लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढे झाडाप्रमाणे मदत द्यायचा निर्णय झाला, माडाला २५०, पोफळीला ५०. रक्कम तशीही थोडीच होती. पण मोजायची वस्तू बदलली आणि छोट्या वाडीवाल्याचं नुकसान निदान कागदावर दिसायला लागलं. ज्यांना वाटतं की मोजमाप हे कारकुनी काम आहे, त्यांनी हा निर्णय लक्षात ठेवावा.

दुसरी अडचण नावाची. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नवीन नाही. निम्मे मुंबईत, दोघे आखातात, काही कबरीत किंवा स्मशानात. घर आठ-अच्या उताऱ्यावर सासऱ्याच्या नावे. आत राहते ती विधवा सून. पैसे जमा व्हायचे कोणाच्या खात्यात? सगळ्या वारसांची संमतिपत्रं आणायची कोणी? भाड्याने राहणाऱ्यांचं घरच नसतं, म्हणून नुकसानही नसतं. खलाशी रत्नागिरीचा, कर्नाटकातला, नेपाळचा. होडीचा पंचनामा मालकाच्या नावे. सुक्या मासळीचा पंचनामा कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मी अनेकांना विचारलं. रकाना नाही.

सरकारची यादी अशा लोकांना सोडते, तर त्यांना धरायचं काम आपलं, स्वयंसेवी लोकांचं. आणि आपण काय करतो? बरेचदा सरकारचीच यादी मागून घेतो. नाहीतर मशिदीच्या जमातीची, नाहीतर ओळखीच्या सरपंचाची, नाहीतर गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंतची. तौक्तेनंतर मी एका मोहल्ल्यात एका चाचांकडे गेलो होतो. घर रस्त्याला लागून. तीन संस्थांची तीन किट मिळाली होती आणि चाचा बिचारे ओशाळून ती शेजाऱ्यांना वाटत होते. त्याच रस्त्यावरून खाली खाडीकडे पायवाट उतरते. तिथल्या शेवटच्या दोन घरांत एकही किट गेलं नव्हतं. तिन्ही संस्थांच्या अहवालांत तो मोहल्ला ‘पूर्ण’ होता.

आता एक अवघड गोष्ट. ही मला आपल्या लोकांशीच बोलायची आहे.

२०२० च्या मार्चनंतर तबलीगच्या नावाने काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भाजीवाल्यांची नावं विचारली गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं स्पष्ट म्हटलं. पण तोपर्यंत आपल्यातल्या प्रत्येक तरुणाच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती: आपण चांगले नागरिक आहोत हे दाखवलं पाहिजे. त्या वर्षी मुस्लिम पोरांनी ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले, कोणी हात लावत नव्हतं अशा मयतांचे अंत्यसंस्कार केले, हिंदू मयतांचे त्यांच्या रिवाजाप्रमाणे केले. मला त्याचा अभिमान आहे. त्याच उत्साहात ही पोरं तौक्तेच्या कामाला उतरली.

पण त्याबरोबर एक सवय आली. टोपी घातलेला मुलगा, कुंकू लावलेली म्हातारी, मध्ये किट, आणि क्लिक. तो फोटो शेअर होतो, आपल्याला बरं वाटतं, कोणी तरी लिहितं ‘हाच खरा भारत’. मी विचारतो, त्या फोटोत ती म्हातारी काय काम करतेय? ती आपल्या चांगुलपणाचा दाखला झालीय. तिचं छप्पर गळतंय की नाही हे त्या फोटोत दिसत नाही, आणि फोटो चांगला आला तर विचारायचीही गरज वाटत नाही. मदतीचं यश तिच्या घरात मोजायचं सोडून आपण ते लाइक्समध्ये मोजायला लागलो. आपल्याला कोणाकडून नागरिकत्वाचं सर्टिफिकेट हवं असेल तर ते मागण्याच्या दुसऱ्या जागा आहेत, कोर्ट आहे, मतपेटी आहे. दांडीवरच्या काकींच्या हातात ते देण्याचं ओझं नको.

दान देऊन ते बोलून दाखवलं आणि घेणाऱ्याचं मन दुखावलं तर ते दान वाया गेलं, असं सूरह बकरहमध्ये सांगितलंय. आपण शुक्रवारी ऐकतो. मोबाइलचा कॅमेरा त्यात येतो का, यावर चर्चा करायला मी आलीम नाही, पण माझं उत्तर मला माहीत आहे.

यावर लगेच एक प्रश्न येतो. “भाई, मग लपवून द्यायचं तर हिशेब कसा दाखवायचा?” माणूस झाका, हिशेब उघडा ठेवा. त्याच सूरह बकरहमध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार ठेवायला सांगणारी आयत आहे, आणि ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. ‘अल्लाह बघतोय’ म्हणून वही न ठेवणाऱ्यांना मी ती वाचायला सांगतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावणी सुरू केली. गावासमोर सरकारी मस्टर, बिलं मोठ्याने वाचायची. कोण कामावर होतं, कोण नव्हतं, लोकच उठून सांगायचे. आपणही वाडीत बसून वाचू शकतो: इतके पैसे आले, या वाडीला इतक्या ताडपत्र्या, निवडीचा नियम असा होता. घेणाऱ्यांची नावं नाही वाचायची. नावांची वही वाडीतल्या दोन-तीन भरवशाच्या माणसांकडे, त्यात एक तरी बाई.

नावांच्या बाबतीत थोडा माझ्या धंद्याचा मुद्दा. तौक्तेनंतरच्या कित्येक याद्या व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. नाव, वाडी, मोबाइल, आधार नंबर, बँकेचं खातं, घरात एकटी बाई आहे की नाही, धर्म कोणता. कशाला? किट द्यायला आधार नंबर लागत नाही. आजच्या काळात धर्म आणि पत्ता एका ओळीत लिहिलेली यादी ग्रुपवर टाकणं किती धोक्याचं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, पण कायद्याआधी अक्कल वापरू. लागेल तेवढंच लिहा, काम झालं की खोडा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. ॲपपासून सुरुवात करू नका. हे मी सॉफ्टवेअरवाला सांगतोय. टॉवर बंद असताना गुगल फॉर्म काय कामाचा? कोबो टूलबॉक्स नावाचं साधन आहे, फुकट आहे, जगभरच्या मदतसंस्था वापरतात, इंटरनेट नसताना माहिती भरून नंतर पाठवता येते. ते शिका. पण पहिल्या आठवड्यात शंभर पानी वही आणि पेन्सिल. पेन्सिल का, तर पावसात शाई फुटते.

वाटपाआधी एक दिवस फिरा. एकच दिवस. गाडीरस्ता संपतो तिथून पुढे चाला आणि शेवटच्या घरापासून उलटे या. आमच्याकडची पोरं उत्साही, त्यांना हा एक दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. पण त्या दिवसात कळतं की इथे तांदूळ नको, कौलं आणि ती चढवणारा माणूस हवा. मजूर मिळत नव्हते त्या मे महिन्यात, कौलं दारात येऊन पडलेली आणि वर चढवायला कोणी नाही, असंही होतं.

वाटप झाल्यावर पंधरा दिवसांनी परत जा. समजा ३०० घरांना ताडपत्री दिली. ३०० घरं फिरायची गरज नाही. सगळे अनुक्रमांक चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, ३० काढा. चिठ्ठ्याच काढायच्या, ‘ही घरं बघून या’ असं कोणी सांगायचं नाही. सांगणारा नेहमी रस्त्यालगतची, चहा पाजणारी घरं सांगतो. आणि ज्याने वाटलं त्यानेच विचारायला जायचं नाही. देणारा समोर उभा असताना “मिळालं ना? बरं आहे ना?” म्हटलं की घेणारा “हो बाबा, देव भलं करो” म्हणणारच. मालवणी माणूस पाठीमागे कितीही बोलो, दारात आलेल्याला दुखवत नाही. तेव्हा दुसऱ्या गावचा माणूस पाठवा, बायकांशी बोलायला बाई पाठवा, आणि प्रश्न बदला. “त्यातलं काय अजून वापरात आहे?” “काय पडून आहे?” “परत द्यायचं झालं तर काय देऊ नये?” “तुमच्या आजूबाजूला कोणाला मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही?” हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण यादीबाहेरचा माणूस चिठ्ठीत निघत नाही.

३० पैकी ९ जणांनी सांगितलं की ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात फाटली, तर अंदाजे तीन घरांमागे एक घर गळतंय असं धरा आणि दुकानदाराला फोन लावा. संशोधन म्हणून हे कच्चं आहे. पंधरा जूनच्या आत निर्णय घ्यायला पुरेसं आहे.

कोणी किट विकलेलं सापडलं तर चिडू नका. तेल विकून औषध आणलं असेल, तर तिला तेलापेक्षा औषधाची गरज होती, एवढी माहिती तुम्हाला मिळाली. पुढच्या वेळी तिच्या खात्यात रोख टाका. खातं नसेल, किंवा खातं मुलाच्या ताब्यात असेल, तर तेही वहीत लिहा.

मग ऑगस्टमध्ये एकदा, समुद्र उघडल्यावर. तेव्हा विचारायचं ते एकच: या घरातला माणूस स्वतःच्या जाळ्याने गेला का? आणि वर्षाने एकदा.

“एवढ्या फेऱ्यांचा पेट्रोलचा खर्च गरिबांच्या पैशातून करायचा?” हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो, आणि मोठ्या तोंडाने विचारला जातो. सूरह तौबामध्ये जकात कोणावर खर्च करायची त्याचे आठ प्रकार दिलेत. गरीब, मिस्कीन, आणि तिसराच प्रकार जकात गोळा करून वाटण्याचं काम करणाऱ्यांचा. म्हणजे व्यवस्थेला खर्च येतो हे चौदाशे वर्षांपूर्वी मान्य होतं. आपण मात्र ‘शंभर टक्के पैसा गरिबांपर्यंत’ असं पोस्टरवर लिहितो आणि तो कोणत्या गरिबापर्यंत गेला हे बघायला दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकत नाही.

जकातीचा अजून एक गुंता आहे, तो टाळून चालणार नाही. अनेक उलेमांच्या मते जकात फक्त मुसलमानांनाच देता येते. वादळाला हे माहीत नसतं. दांडीवर गाबित आणि मुसलमान यांची कौलं एकाच वाऱ्याने उडाली. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी आचारसंहिता केली, तिचं मूळ सूत्र हेच की मदत गरज बघून द्यायची, धर्म-वंश बघून नाही. माझं मत, आपण दोन खाती ठेवावीत. जकातीचं वेगळं, सदका-लिल्लाहचं वेगळं, आणि आपत्तीचं काम दुसऱ्या खात्यातून. दोन्ही खात्यांचा हिशेब उघडा. नाहीतर काय होतं, देणारा एका समजुतीने देतो, वाटणारा दुसऱ्या समजुतीने वाटतो, आणि दोघांना तिसराच कोणीतरी जाब विचारतो.

आपल्या महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं. ५२ गावं पूर्ण नव्या जागी बसवली. त्या सरळ रेषेतल्या गल्ल्यांबद्दल, वाडे गेल्याबद्दल लोक आजही बोलतात. पण ज्या गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, तिथे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घराघरांत जाऊन योजना समजावणं, काम नीट चाललंय का बघणं, अडलेलं इंजिनीअरपर्यंत नेणं. चार बुकं न शिकलेल्या बायका सिमेंटचं प्रमाण तपासत होत्या. देखरेख करायला एमबीए लागत नाही. रोज त्या घरावरून जाणारी बाई लागते.

म्हणून मला आज तुमच्याकडून भाषणाबद्दलचा अभिप्राय नको, नावं हवीत. आचरा, तोंडवळी-तळाशील, सर्जेकोट, दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग. प्रत्येक ठिकाणची दोन माणसं, त्यातली एक बाई, आणि दोघंही आपल्याच जमातीची असायची गरज नाही, नसली तर बरंच. वादळ नसतानाच एकदा फिरून लिहायचंय: छप्पर कौलाचं की पत्र्याचं, आठ-अ कोणाच्या नावे, घरात कायम राहतं कोण, होडी आहे की मजुरी. बाकी काही नाही. २५ मेच्या आत, म्हणजे बंदीच्या आणि पावसाच्या आधी. वह्या मागच्या टेबलावर ठेवल्यात, पेन्सिली पण आहेत. देवबागची वही मी स्वतः घेतोय, तिथे एका बाजूला खाडी आणि एका बाजूला दर्या असल्यामुळे चालायला बरं वाटतं. बाकीच्या सहा वह्या जेवणाआधी संपवा. आज सुरमई आहे, ताटं वाढली की इथे कोणी थांबणार नाही.